खंड मेहेरबानीने उतरला नाही : चरीचा शेतकरी संप

१/
१९४८ साली सरकारने कूळकायदा केला आणि कुळांना न्याय मिळाला, एवढ्या एका वाक्यात हा इतिहास बहुधा उरकला जातो. त्या वाक्यात कूळ केवळ हात पसरून उभे दिसते. हे चित्र खोटे आहे. चरीचा संप त्याचा पुरावा आहे.

२/
कुलाबा जिल्ह्यातील अलिबागचा खारेपाट. भातजमिनी खोत-सावकारांच्या नावावर. घाम मात्र कुळाचा. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून खोताकडे जाई, त्यावर वेठबिगार निराळी. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले आणि हे ओझे असह्य झाले.

३/
खोतीचे समर्थक म्हणत : खंड हा करार आहे, कुळाने तो स्वखुशीने कबूल केला आहे. युक्तिवाद नीटनेटका आहे, पण पोकळ. एकट्या कुळाने खंड नाकारला, तर जमीन दुसऱ्याला दिली जाई. अडीनडीला कर्जाऊ भात घ्यायचा, तोही बहुधा त्याच दारातून. ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

४/
२७ ऑक्टोबर १९३३. चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा भरली. खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, असा निर्णय झाला. २५ गावांतील कुळे संपात उतरली.

५/
या निर्णयाचे मर्म साधे होते. एका कुळाच्या जागी दुसरे कूळ आणता येते. २५ गावांच्या जागी कोणाला आणणार? मात्र किंमत जबर होती. संपकऱ्यांच्या घरातलीही चूल विझत होती. जंगलातील लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले. संप १९३९ पर्यंत टिकला.

६/
डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही.

७/
अखेर तडजोड सरकारनेच घडवली, असा आक्षेप घेतला जातो. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी मध्यस्थी केली, हे खरेच. पण शेते पडीक नसती, तर मंत्र्याला मध्यस्थी करायला कारण काय होते?

८/
त्यानंतर १९३९ चा कूळकायदा आला. १९४८ च्या कायद्याने खंडाला मर्यादा घातली : बागायतीत पिकाचा एक चतुर्थांश, इतर जमिनीत एक तृतीयांश. १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. खोत एकट्याने ठरवी तो आकडा आता कायद्याच्या कलमात आला. त्या कलमामागे सहा वर्षांची उपासमार आहे.

९/
आजही महाराष्ट्रात कित्येक जमिनी तोंडी बोलीवर बटाईने किंवा खंडाने कसल्या जातात. कागद नसतो, म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज आणि नुकसानभरपाई मिळवणे दुरापास्त होते. दरसाल खंड ठरवताना तो पुन्हा एकटाच मालकासमोर बसतो. चरीचा संप केवळ जयंती-स्मृतिदिनापुरता आठवणाऱ्यांनी या एकट्या माणसाकडेही पाहावे.