किती पत्ते बदलले?

नव्या माणसाला पोकर कुठून शिकवायचा, हा प्रश्न आपल्या शिकवणाऱ्या मंडळींत सारखा निघतो. बहुतेक जण होल्डेमपासून सुरुवात करतात, कारण पडद्यावर तोच दिसतो. माझं मत वेगळं आहे. सुरुवात लिमिट फाइव्ह-कार्ड ड्रॉने करावी. हातात पाच पत्ते, एकदा चालींची फेरी, नको ते पत्ते टाकून नवे घ्यायचे, पुन्हा चालींची फेरी आणि मग शो. टेबलावर एकही पत्ता उघडा नसतो. समोरच्याबद्दल दोनच गोष्टी दिसतात: त्याने चाल कशी केली आणि पत्ते किती बदलले. या दोन गोष्टी जोडून पाहायची सवय ज्याला लागली, त्याचा पाया पक्का झाला.

हा खेळ मुरला तो कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या गार्डेना या लहानशा गावात. कॅलिफोर्नियाच्या १८८५ च्या कायद्याने स्टड-हॉर्स पोकरवर बंदी घातली, पण ड्रॉचं नाव त्यात नव्हतं. १९११ मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल युलिसिस वेब यांनी ड्रॉ हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. १९३६ पासून गार्डेनात क्लब सुरू झाले आणि पुढची पन्नास वर्षं तिथे हाच खेळ चालला. क्लब पॉटमधून कट घेत नसे, बसायच्या जागेचं भाडं घेई. त्यामुळे कच्च्या खेळाडूचा तोटा दुहेरी व्हायचा. डॉइल ब्रन्सन यांच्या ‘सुपर सिस्टिम’मधलं माइक कॅरो यांनी लिहिलेलं ड्रॉचं प्रकरण याच टेबलांवरच्या अनुभवातून आलं. १९८७ मध्ये तिथे होल्डेमला वाट मोकळी झाली आणि ड्रॉ मागे पडला. खेळ मागे पडला म्हणून त्याची शिकवण जुनी होत नाही.

आपल्याकडे येणारा विद्यार्थी बहुधा गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेला असतो. जोडी, कलर, सिक्वेन्स हे शब्द त्याच्या तोंडात असतात, तेच वापरावेत. पण तीन पत्तीतली एक सवय त्याला सोडवावी लागते. ब्लाइंड चढवत नेऊन समोरच्याला पॅक करायला लावणं इथे चालत नाही. लिमिटमध्ये चालीची रक्कम ठरलेली असते: पत्ते बदलण्याआधी एक आणि नंतर तिच्या दुप्पट. चाल वाढवायची ती तेवढ्यानेच, आणि तीही बहुतेक ठिकाणी तीनदाच. एवढ्याशा रकमेला कोणी घाबरत नाही. आणखी एक फरक सांगायला विसरू नका. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर लागतो, पोकरमध्ये कलर वर. पहिल्याच दिवशी यावरून हमखास भांडण होतं.

आता जागेबद्दल, म्हणजे बोलायची पाळी कितवी येते त्याबद्दल. गार्डेनात पहिली चाल करून डाव उघडायला किमान गुलामांची जोडी लागे. बावन्न पत्त्यांत अशी किंवा त्याहून चांगली पानं वाटणीतच मिळण्याची शक्यता सुमारे २०.६ टक्के, म्हणजे पाचातून एकदा. सहा जण बसले तर साधारण चारातला एक डाव कोणीच न उघडता जातो. नवखा माणूस इतका वेळ वाट पाहतो की गुलामांची जोडी दिसताच उघडून मोकळा होतो. त्याच्यामागे पाच जण बोलायचे असतील, तर त्यांच्यातल्या निदान एकाकडे राण्यांची जोडी किंवा अधिक काही असण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते. हातात एक्क्यांची जोडी असेल तर हाच धोका एकतृतीयांशावर येतो. म्हणून पहिल्या जागेवरून एक्के उघडावेत, गुलाम टाकावेत. शेवटच्या जागेवर मात्र सगळे गप्प बसून गेल्यावर तेच गुलाम उघडायला हरकत नाही. हे आकडे विद्यार्थ्याकडून पाठ करून घेऊ नयेत. त्याला वीस डाव वाटून दाखवावेत आणि प्रत्येक वेळी मागच्यांची पानं उघडून बघू द्यावीत. दहाव्या डावापर्यंत तो स्वतःच गुलाम टाकायला लागतो.

बदलीचे आकडे थोडेच आहेत. जोडी ठेवून तीन पत्ते बदलले तर हात सुधारण्याची शक्यता २८.७ टक्के. जोडीसोबत एक्का राखून दोनच बदलले तर २६ टक्के. फरक किरकोळ दिसतो, त्यामुळे समोरच्याला चकवण्यासाठी जुने खेळाडू कधीकधी एक्का ठेवतात. नवख्याने तीनच बदलावेत. दोन जोड्यांचा फुल हाउस व्हायला चारच पत्ते कामाचे, म्हणजे ८.५ टक्के. लहान दोन जोड्या धरून चौघांना आत येऊ देणं हे म्हणूनच महागात पडतं. तिथे लगेच चाल वाढवून गर्दी कमी करावी.

कलरला एक पत्ता कमी असताना ४७ न दिसलेल्या पत्त्यांपैकी नऊ उपयोगी, म्हणजे ३८ विरुद्ध ९, साधारण सव्वाचारास एक. आमच्या सरावात चिंचोके असतात (महाराष्ट्रात पैसे लावून खेळण्यावर १८८७ चा कायदा आहे, आणि शिकायला चिंचोके पुरतात). सहा जणांचा एकेक चिंचोका बूट म्हणून पडला, एकाने दोन टाकून उघडला, दुसरा दोन टाकून आला. मध्ये दहा जमले आणि तुम्हाला दोन टाकायचे आहेत. पाचास एक मिळतंय, या. मधला गडी नसता तर चारास एक मिळालं असतं. ते थोडं कमी, पण कलर लागल्यावर समोरचा अधूनमधून शेवटची चाल भरेल, एवढ्या हिशोबावर आलेलं चालतं. मधला पत्ता लागणारा सिक्वेन्स मात्र पावणेअकरास एक असतो. तो टाकायलाच हवा, आणि नवखा नेमका त्याच्याच मागे धावतो.

मागच्या महिन्यात आमच्या टेबलावर एका मुलीने एक्क्यांची जोडी उघडली. पलीकडच्या काकांनी चाल वाढवली नाही, नुसते आत आले आणि एकच पत्ता बदलला. तिने तीन बदलले, त्यांत पंजीची जोडी आली. एक्के-पंजी हातात येताच तिचा चेहरा खुलला आणि तिने चार चिंचोके पुढे सरकवले. काकांनी आठ केले. तिने भरले. काकांनी बदामाचा कलर मांडला.

ती म्हणाली, “पण माझा हात चांगला होता ना?”

हात चांगलाच होता. मी तिला काकांचा एक पत्ता आठवायला सांगितला. दोन जोड्या असत्या तर त्यांनी आधीच चाल वाढवली असती. नुसता आत आलेला आणि एकच पत्ता बदलणारा माणूस बहुतेक वेळा कलरच्या किंवा सिक्वेन्सच्या मागे असतो. त्याला पत्ता लागला नसेल तर तो तुझ्या चार चिंचोक्यांवर पॅक होतो, तुला जास्त काही मिळत नाही. लागला असेल तर तो वाढवतो आणि तुझे आठ जातात. तू गप्प बसलीस, तर लागलेला माणूस चार टाकेल, तू भरशील आणि चारच जातील. आणि न लागलेला कधीकधी खोटी चाल करेल, तेव्हा ते चार तुझे होतील.

तिने टाकलेले पत्ते पुन्हा उचलून पाहिले, काकांनी बदललेला एक पत्ता वेगळा काढून समोर ठेवला, आणि “पुन्हा वाटा” म्हणाली. पुढच्या तासाभरात ती स्वतःच्या पत्त्यांकडे कमी आणि दुसऱ्यांच्या हाताकडे जास्त बघत होती. बदलीची वेळ आली की ओठांतल्या ओठांत मोजायची: तीन, तीन, एक.