प्रौढांची पाटी

ज्या कल्याणनगरीत बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात, मडिवाळ माचिदेव हे परीट आणि अंबिगर चौडय्या हे नावाडी तत्त्वचर्चेस बसत, त्याच बसवकल्याणात, उमरग्याहून वा निलंग्याहून सासरी आलेल्या आणि शाळा अर्धवट सुटलेल्या चाळिशीतल्या गृहिणीस, दहावीचा अर्ज कोठे व कोणत्या मुदतीत करावा, हे सांगणारे कोणी हाताशी असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत कमाल वयाची अट नाही, माध्यमिक परीक्षेस मराठी व कन्नड ही दोन्ही माध्यमे आहेत, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. (परराज्यातील जुन्या दाखल्याची धास्ती मात्र परीक्षेहून मोठी!) तालुक्यातील वाचनालयांनी व निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील एक सायंकाळ या मार्गदर्शनास राखून ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.