चाल कुणाची?

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांची गणपतीची आरती महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. तिच्या शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव गुंफलेलं आहे, म्हणून आजही ती त्यांची म्हणून ओळखली जाते. पण ती ज्या चालीवर म्हटली जाते, ती कुणी बांधली? उत्तर मिळणार नाही, आणि उत्तर नाही याची खंतही कुणाच्या चेहऱ्यावर दिसणार नाही. शब्दाला आपण धनी ठेवला, सुराला बेवारस केलं.

जुन्या काळी टिपून ठेवायची सोय नव्हती, अशी सबब सांगता येईल. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या बाबतीत ती कशी सांगणार? 1898 साली आळंदीला जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. आडनावातलं फुलंब्री जालन्याच्या अगदी शेजारी. प्रभातचे 'माणूस' आणि 'शेजारी' हे चित्रपट आले, लोकांनी शांतारामबापूंना डोक्यावर घेतलं. 'कुलवधू' रंगभूमीवर आलं, पदं ज्योत्स्ना भोळ्यांच्या नावाने घरोघरी पोचली. त्यांचा मान त्यांचाच आहे. पण संगीत मास्तरांचं होतं, हे सांगायला आपली जीभ का रेटत नाही?

या माणसाने एका चालीसाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं खर्ची घातली. ब्रिटिश अमदानीत मुंबई आकाशवाणीवर 'वंदे मातरम्' गायला अटकाव झाला, तेव्हा त्यांनी त्या केंद्राकडे पाठ फिरवली ती थेट 1947 पर्यंत. गाणाऱ्या माणसाने रेडिओवर पाणी सोडणं म्हणजे हातातली भाकरी बाजूला सारणं होतं. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत ठरवताना आक्षेप निघाला की हे गीत वाद्यवृंदावर नीट बसत नाही. मास्तर त्यावर रुसून बसले नाहीत. झिंझोटीत सोपी, समूहाला एकसुरात म्हणता येईल अशी चाल त्यांनी बांधली, बँडसाठी तिचं स्वरलेखन करून घेतलं आणि दिल्लीत जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे ती ऐकवली. 24 जानेवारी 1950 रोजी निर्णय 'जन गण मन'च्या बाजूने लागला आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. त्या निर्णयामागे इतरही कारणं होती आणि तो निर्णय मी मान्य करतो. माझा आरोप दिल्लीवर नाही. 'वंदे मातरम्'च्या घोषणा देताना ज्यांचा घसा सुकतो, त्या आपल्यावर आहे. गीताच्या नावाने भांडायला आपण तयार असतो. ते गीत गाता यावं म्हणून झिजलेल्या माणसाचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नसतं.

याच मास्तरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून बुद्धवंदना स्वरबद्ध केली. ती धम्मदीक्षेच्या वर्षी, 1956 साली, ध्वनिमुद्रित झाली. इथे आपल्या जातीच्या भिंती किती निबर आहेत ते दिसतं. नाट्यसंगीताच्या मैफलीला जाणारा, मास्तरांच्या पदांवर मान डोलावणारा वर्ग बुद्धवंदनेचा उल्लेखही करत नाही, कारण ती त्याच्या वस्तीतली नाही. आणि जालना, भोकरदन, परतूरच्या विहारांत वंदनेला हात जोडणाऱ्या तरुणांपर्यंत हे नाव पोचवण्याची तसदी कुठल्याच शाळेने, कुठल्याच पुस्तकाने घेतली नाही. एका संगीतकाराने ओलांडलेली वेस आपण त्याच्या माघारी पुन्हा उभी केली. हा निव्वळ विसरभोळेपणा नाही. माणसाचं काम वापरायचं आणि त्याची ओळख आपापल्या आळीपुरती ठेवायची, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती पापच आहे.

सरकारने पद्मभूषण दिलं ते 1971 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. 1974 मध्ये मास्तर गेले. त्यांच्या बंदिशींचे 'रागसंग्रह'चे सात भाग आहेत. जालन्यातल्या किती वाचनालयांत त्यातला एक तरी भाग सापडेल? बहुतेक जिल्हा परिषद शाळांत संगीताला स्वतंत्र शिक्षकही नाही. मग पोरांनी हे नाव ऐकायचं कुठे?

येत्या 26 जानेवारीला तुमच्या गावच्या शाळेत, आणि धम्मदीक्षेच्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, विहारात कार्यक्रम होतील. फलकावर, पत्रिकेवर, निवेदनात कवीच्या आणि गायकाच्या जोडीने चाल बांधणाऱ्याचंही नाव घ्या. आयोजक विसरले, तर उभं राहून विचारा.