कोकणातले खत सोलापुरात का चालत नाही?

डीएपीची टंचाई झाली की एक जुना उपाय हमखास पुढे येतो. खाणीतला फॉस्फेटचा दगड दळायचा आणि ती भुकटी थेट शेतात टाकायची. चीनने २०२१ पासून खतनिर्यातीवर निर्बंध आणल्यावर ही चर्चा वाढली. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला हा दगड निघतो, शिवाय भुकटी स्वस्त पडते. सल्ला तसा खोटा नाही; पण सोलापूरकराने तो जसाच्या तसा घेतला तर पैसे अक्षरशः मातीत जातील.

या दगडातला स्फुरद चुन्याशी घट्ट बांधलेला असतो आणि ती गाठ आम्लानेच सुटते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण आम्ल चुना खाते. कोकणात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो चुना धुऊन नेतो आणि जांभ्याची जमीन आंबट होते. तिथे ही भुकटी हळूहळू विरघळते. केरळातील रबराच्या आणि मलेशियातील तेल-माडाच्या मळ्यांत ती वापरतात, तेही याच कारणाने.

सोलापुरात पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ज्या काळ्या रानाने नाव मिळवून दिले, त्यात चुनखडी तशीच राहते. सामू बहुधा ८ च्या वर. इथे भुकटी वर्षानुवर्षे पडून राहील. पोत्यावर स्फुरदाचा आकडा मोठा असेलही, पण पिकाला तो लागू होत नाही. सुपर फॉस्फेट करताना कारखाना याच दगडावर गंधकाम्ल ओततो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते बरेचसे त्या आम्लाचे!

ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्राने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील किंमत-नियंत्रण उठवले, तेव्हा भाव भडकले आणि वापर घटला. २०१० पासून अनुदान अन्नद्रव्याच्या किलोवर मिळते आणि त्याचा दर देशभर एकच असतो. आंबट जमीन कोणती नि चुनखडीची कोणती, हे त्या दराला कळत नाही. मला हा या धोरणातला मोठा दोष वाटतो.

मग आम्ल शेतातच तयार करता येईल का? काही प्रमाणात येते. हरभऱ्याची आंब जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्याची मुळेही सायट्रिक आम्ल सोडून जमिनीतला स्फुरद मोकळा करतात. दुसरा मार्ग साखर कारखान्यांच्या मळीचा. तिच्या कंपोस्टमध्ये बारीक दळलेला दगड कुजवला की 'प्रॉम' होते आणि सरकारी खत-नियंत्रण आदेशात त्याला मान्यता आहे. ते डीएपीइतके झटपट नाही, पण नुसत्या भुकटीपेक्षा बरे.

मात्र आता मळीवर जैव-सीएनजी प्रकल्पांचाही डोळा आहे. गॅस निघाला तरी स्फुरद गाळात राहतो. तो गाळ शेतात परत येणार की नाही, हे कारखान्याच्या सभासदांनी करारातच लिहून घ्यायला हवे.