बाजारात मिळते म्हणजे सर्वांना मिळते काय?

या पानावर बुटांविषयीचा लेख पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे विषय सोडून एका निवृत्त प्राध्यापकास पायताणाची चर्चा करावीशी का वाटावी, असा प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. माझे उत्तर एवढेच की, पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना जी गोष्ट मला फळ्यावर नीट समजावून देता आली नाही, ती एका बुटाच्या जोडाने मला यवतेश्वरच्या घाटात समजावून दिली.

मी हौशी धावणारा आहे. बावन्नाव्या वर्षी रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी धाक घातला आणि मी साताऱ्याहून यवतेश्वरच्या रस्त्याला लागलो. आज सदुसष्टाव्या वर्षी माझी गती ताशी आठ किलोमीटर आहे. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल चढावर मला मागे टाकते. अशा माणसाला बंगळूरच्या भाचीने वाढदिवसाला कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट पाठवले. ‘मामा, एकदा घालून तर बघा,’ एवढीच चिठ्ठी होती. किमतीचे लेबल तिने नखाने खरवडून काढले होते. दुकानात चौकशी केली तेव्हा आकडा वीस हजारांच्या वर निघाला.

हा बूट हातात घेतला तर मोकळ्या खोक्यासारखा हलका लागतो. टाचेखाली दोन बोटे जाड असा फोम आणि त्याच्या पोटात कार्बन तंतूंची ताठ, वाकवलेली पट्टी. यांतील अनेक बुटांचा फोम नायलॉनच्या जातीच्या एका बहुवारिकापासून करतात. फ्रान्सच्या आर्केमा कंपनीचे ‘पेबॅक्स’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. त्याचा एक प्रकार एरंडेलापासूनही निघतो, आणि जगातला बहुतांश एरंड आपल्या गुजरातेत पिकतो. एरंडाचे गुऱ्हाळ निष्फळ असते असे मानणाऱ्या भाषेत आपण वाढलो. भांडवलाने त्याचीही काकवी काढली.

आता खरे सांगतो. बूट पायांत घालून पहिली शंभर पावले टाकली आणि मी मोहून गेलो. जमीन पावलाला परत ढकलते आहे, वय दहा वर्षांनी उतरले आहे, असे वाटले. घाट उतरताना वळणावर मात्र घोटा दोनदा लचकता लचकता राहिला, कारण इतक्या उंच तळावर म्हातारे पाऊल डळमळते. मग माझ्यातला अर्थशास्त्रज्ञ जागा झाला. एकाच सपाट रस्त्यावर पाच किलोमीटरचे अंतर मी तीन आठवड्यांत आठ वेळा धावलो, चारदा जुन्या बुटांत, चारदा नव्या. सरासरीतला फरक निघाला २२ सेकंदांचा. एकाच बुटातल्या दोन दिवसांमधला फरक त्याहून मोठा होता. एका माणसाचा नमुना शास्त्राला मान्य नाही, हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. पण शास्त्रही फारसे वेगळे सांगत नाही.

या बुटांचा बोलबाला झाला तो २०१७ साली. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात अठरा धावपटूंवर प्रयोग झाला आणि नाइकीच्या नव्या बुटात ऊर्जेची सरासरी चार टक्के बचत होते असे आढळले. खर्च नाइकीने उचलला होता आणि लेखकांत तिचे नोकर होते. ही गोष्ट लेखात लपवलेली नाही, आणि पुढच्या अभ्यासांनीही लाभ खराच असल्याचे दाखवले; तेव्हा त्यावरून आरडाओरडा करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते असे की, प्रयोगातील गती ताशी १४ ते १८ किलोमीटर होती. २०२३ साली सामान्य गतीवर मोजमाप झाले तेव्हा ताशी १२ किलोमीटरला बचत दीड टक्क्याच्या आणि ताशी १० ला एक टक्क्याच्या आसपास उतरली. काहींच्या बाबतीत तर तोटाच झाला. माझ्या ताशी आठची कोणी दखलही घेतलेली नाही. म्हणजे आमच्यासारख्या सहस्रावधी हौशी मंडळींना बाजार जे विकतो आहे, ते दुसऱ्याच्या पायांचे सामर्थ्य आहे.

इथवर ही मध्यमवर्गाच्या हौसेची कथा झाली आणि तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. ज्याला वीस हजार उधळायचे त्याने उधळावेत. प्रश्न शर्यतीचा आहे.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे केनियाच्या एलियुद किपचोगेने खास आखलेल्या धावेत मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत तोडले. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कॉसगेईने २:१४:०४ ही वेळ देऊन स्त्रियांचा सोळा वर्षांचा जागतिक विक्रम मोडला. दोघांच्याही पायांत एकाच कंपनीचे असले बूट होते. गवगवा झाला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने नियम केला. रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरांहून जाड नको, पट्टी एकच हवी, आणि बूट स्पर्धेपूर्वी चार महिने खुल्या बाजारात कोणालाही विकत घेण्यास उपलब्ध असला पाहिजे. त्यानंतर आठवडाभरात त्याच कंपनीने या मर्यादेत नेमका बसणारा नवा बूट जाहीर केला. योगायोगांवर माझा विश्वास आहे. पण इतका नाही.

यातली बाजाराची अट पुन्हा वाचावी. तिच्या मागचे गृहीत असे की, दुकानात वस्तू मांडली म्हणजे समान संधी निर्माण झाली. विकत घेण्याची मुभा आणि विकत घेण्याची ऐपत यांतला भेद पुसून टाकणे हे उदारमतवादी अर्थशास्त्राचे जुने कौशल्य. पंचतारांकित हॉटेलचे दारही सर्वांना खुलेच असते. पुढे ज्यांचा कोणत्याही कंपनीशी करार नाही अशा अव्वल खेळाडूंपर्यंत बूट पोहोचवण्याची एक योजना संघटनेने आणली. ती आंतरराष्ट्रीय मैदानापर्यंत आलेल्यांसाठी. तालुक्याच्या मैदानावरून त्या मैदानापर्यंत पोहोचायचे कसे, याविषयी योजना मौन पाळते.

तालुक्याचे मैदान मी पाहिले आहे. आमच्या जिल्ह्यातील एका गावी २६ जानेवारीला दहा किलोमीटरची शर्यत असते. स्त्रियांच्या खुल्या गटात पहिल्या तिघींना रोख बक्षीस. यंदा सोळा वर्षांची एक मुलगी चौथी आली. आईबाप ऊसतोडीला, पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट, त्यातल्या एकातून करंगळी बाहेर. वेळ ४५ मिनिटांच्या आतबाहेर. तिसरी आली ती पुण्याची एक तरुणी, सालस, मेहनती, आणि पायांत माझ्यासारखाच जोड. दोघींत अंतर ११ सेकंदांचे. ४५ मिनिटांचा एक टक्का म्हणजे २७ सेकंद. ऊर्जेतली बचत जशीच्या तशी वेळेत उतरत नाही, हे मला मान्य आहे. निम्मी उतरली तरी हिशेब जुळतो. बुटानेच तिचे तीन हजार रुपये नेले असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु तसे नाही, हेही आता कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि स्पर्धेचा अर्थ तेथेच संपतो. कारखान्याच्या कोपीवर परतताना तिने बाकीच्यांच्या बुटांकडे पाहिले की नाही, हे मला ठाऊक नाही. मी मात्र माझे बूट बाकाखाली सरकवले.

फ्रेड हर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली वाढीच्या सामाजिक मर्यादांवर ग्रंथ लिहिला. काही वस्तूंचे मूल्य त्या इतरांजवळ नसण्यातच असते, हा त्याचा मुद्दा. शर्यतीचा बूट हे त्याचे शुद्ध उदाहरण. एकीने घेतला तर ती पुढे जाते. सर्वांनी घेतला तर क्रम पूर्वीचाच राहतो, फक्त प्रत्येकीचे वीस हजार रुपये कंपनीकडे गेलेले असतात. शिवाय हा बूट काही शे किलोमीटरांत निस्तेज होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आदिदासने पाचशे डॉलरांचा जोड काढला, तो सराव धरून एका मॅरेथॉनपुरता असल्याचे कंपनीनेच सांगितले. इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने तो घालून बर्लिनमध्ये २:११:५३ चा विक्रम केला. पट्टीचे बूट आता दहा-बारा हजारांतही मिळतात, उद्या आणखी उतरतील, असे मला सांगण्यात येते. उतरतील, तोवर शिडी एक पायरी वर गेलेली असेल.

तंत्रज्ञान अडवता येत नाही, हा दुसरा आक्षेप. इतिहास उलट सांगतो. १९६८ साली जॉन कार्लोसने दोनशे मीटरचा जागतिक विक्रम मोडला, परंतु बुटाच्या तळाशी नियमबाह्य बारीक खिळे होते म्हणून तो मान्य झाला नाही. त्याच कार्लोसने महिनाभराने मेक्सिकोत बक्षिसाच्या चौथऱ्यावर मूठ उगारली. ते छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी तो आणि टॉमी स्मिथ काळ्या लोकांच्या दारिद्र्याची खूण म्हणून बूट काढून, केवळ काळ्या मोज्यांवर उभे होते, हे फार थोडे सांगतात. पोहण्यात २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत नव्या पोशाखांनी ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. पोहणे बुडाले नाही. धावपट्टीवरच्या शर्यतींना १ नोव्हेंबर २०२४ पासून तळाची मर्यादा २० मिलिमीटर आहे. मग रस्त्यानेच काय घोडे मारले?

आपल्या बाजूच्या भाबडेपणालाही येथेच हटकले पाहिजे. अनवाणी धावणारी मुलगी दिसली की आपण टाळ्या वाजवतो आणि अबेबे बिकिलाचे नाव घेतो. बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून जिंकला, कारण मिळालेले बूट पायाला बसेनात. १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि तीन मिनिटांनी अधिक वेगवान ठरला. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तिच्या बालपणाच्या अनवाणी वाटा हे तिच्या यशाचे कारण नव्हे, ते आपल्या जिल्हा परिषदांवरचे आरोपपत्र आहे. मुलीला बूट हवाच. साधा, टिकाऊ, पायाला बसणारा.

त्या गावच्या संयोजन समितीपुढे मी दोन सूचना ठेवल्या. रोख बक्षिसाच्या गटांत पट्टीचे आणि २५ मिलिमीटरांहून जाड तळाचे बूट चालू नयेत. हौशी गटात ज्याला जे घालायचे ते घालावे. आणि प्रवेशशुल्कातून प्रत्येक शाळकरी स्पर्धकाला शर्यतीच्या महिनाभर आधी साधा बूट द्यावा. पहिल्या सूचनेला अध्यक्षांनी विचारले, बूट तपासणार कोण? मी म्हटले, पुढ्यात पट्टी घेऊन मी बसतो. दुसरीवर बराच वेळ शांतता होती. मग कोणीतरी पुरस्कर्त्यांचे नाव काढले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती दिवाळीनंतर आहे. ज्या ज्या तालुक्यांत अशा शर्यती होतात तेथील साथींनी आपल्या समित्यांपुढे याच दोन सूचना त्यापूर्वी मांडाव्यात, आणि काय उत्तर मिळाले ते या साप्ताहिकाकडे कळवावे.