सुपर कप मालकांचा की मैदानांचा?

७ डिसेंबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघाने ईस्ट बंगालला पेनल्टीवर नमवून तिसऱ्यांदा सुपर कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आयएमजी-रिलायन्सशी केलेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार संपुष्टात आला. त्या हंगामाची इंडियन सुपर लीग तोवर सुरूही झालेली नव्हती. देशाचे फुटबॉल एका कराराच्या दावणीला बांधले की काय होते, हे समजावयास याहून निराळा पुरावा कशाला हवा?

बाद पद्धतीच्या स्पर्धेचे मर्म काय, हे आधी नीट पाहावयास हवे. साखळी स्पर्धा ही बहुतांशी तिजोरीची परीक्षा असते. वर्षभर महागडे खेळाडू पोसण्याची ज्याची ऐपत, तो वर राहतो. बाद फेरीचा सामना मात्र दीड तासाचा. त्या दीड तासात गरीब संघही श्रीमंताला धूळ चारू शकतो. फ्रान्सच्या चषकाचे दार हौशी संघांनाही खुले असते. म्हणूनच २००० साली चौथ्या श्रेणीतला कॅलेचा हौशी संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत धडकला.

आपल्याकडे १९७७ साली फेडरेशन कप सुरू झाला, तेव्हा पहिला विजेता ठरला तो बंगळूरच्या आयटीआय या सरकारी कारखान्याचा संघ. २०१७ नंतर ती स्पर्धा बंद झाली आणि २०१८ पासून सुपर कप आला. त्या पहिल्या वर्षी इंडियन सुपर लीग व आय-लीग यांना समसमान, दहा-दहा जागा होत्या. एप्रिल २०२५ च्या स्पर्धेत हे प्रमाण तेरास तीन असे ठरविण्यात आले! समतेचा हा प्रवास अवघ्या सात वर्षांचा. आणि तरीही पुढल्याच स्पर्धेत आय-लीगमधल्या धेंपो संघाने मोहन बागान व ईस्ट बंगाल या दोन्ही बलाढ्य संघांना बरोबरीत रोखून दाखविले.

पुण्याचा अनुभव तर प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे एफसी काढला. २०१२-१३ मध्ये तो आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये गुंडाळला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामापुरता जगला. डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये राष्ट्रीय लीग सोडली. एफसी पुणे सिटी २०१८ च्या सुपर कपात पहिल्याच फेरीत शिलाँग लाजाँगकडून हरला आणि २०१९ मध्ये, मालक वाधवान समूह आर्थिक संकटात सापडताच, संपला. त्याची लीगमधली जागा हैदराबादकडे गेली. हैदराबाद २०२१-२२ मध्ये लीगचा विजेता झाला आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला हलला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. भांडवल रात्रीतून गाव बदलते. प्रेक्षकाला तसे करता येत नाही. बालेवाडीचे क्रीडासंकुल मात्र जागचे हललेले नाही, कारण ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जनतेच्या पैशाने उभारलेले आहे.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, उद्योगपतींनी पैसा घातला नाही तर व्यावसायिक फुटबॉल चालणारच नाही. पैसा घालण्यास कोणाचाच विरोध नाही. प्रश्न आहे तो त्या पैशाच्या मोबदल्यात त्यांना मिळणाऱ्या अभयाचा. २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला वर येण्याची वाट मिळाली खरी. परंतु २०२४-२५ च्या हंगामापर्यंत सुपर लीगमधून खाली कोणीच उतरलेले नाही. नफ्यातोट्याची भाषा बोलणाऱ्यांनी स्पर्धेला एवढे भ्यावे, हा विनोद की ढोंग? मुक्त बाजारपेठेचे हे पुजारी स्वतःपुरती मक्तेदारी मात्र मागून घेतात.

आता कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार हे पेठांचे संघ आहेत; कोणा मालकाच्या लहरीवर ते जगत नाहीत. त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम दुथडी भरून वाहते. या तालमींना सुपर कपाची वाट कोठून सापडावी? पुण्यात एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीग खेळणाऱ्या पोरांना तरी कोठून?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. महाराष्ट्रात जिल्हा विजेत्यांची बाद पद्धतीची स्पर्धा दरवर्षी व्हावी, तिच्या विजेत्यास सुपर कपाच्या पात्रता फेरीत हक्काची जागा मिळावी, आणि तिचे सामने बालेवाडीला नाममात्र भाड्यात खेळविले जावेत. राज्याच्या क्रीडाखात्याकडे हे निवेदन घेऊन जाताना कोल्हापूरच्या तालमींचे व पुण्याच्या जिल्हा लीगमधील क्लबांचे प्रतिनिधी आपल्या सोबत असले पाहिजेत. त्यांना भेटण्याचे काम शहर शाखेने याच महिन्यात हाती घ्यावे.