सोडा कंपनीचा जादूगार

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मिहानमधल्या ऑफिसातून बाहेर पडतो तेव्हा मी सॉफ्टवेअर टेस्टर असतो. आठ वाजता बेसातल्या घरातून पुन्हा बाहेर पडतो, तेव्हा जादूगार! मधल्या दीड तासात आंघोळ, इस्त्रीचा काळा शर्ट, आईच्या हातची पोळीभाजी आणि एक खोटं.

"कुठी जाऊन राहिला?"

"प्रोग्राम आहे आई."

"कोणाचा?"

"सोडा कंपनीचा."

आई वर्धा जिल्ह्यातली. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला आले तोच जिल्हा, आणि 1970 च्या दशकापासून दारूबंदी असलेलाही तोच. आमच्या घरात 'ती' वस्तू उच्चारायचीसुद्धा नाही. त्यामुळे तिचा मुलगा वर्धा रोडवरच्या पबमध्ये व्हिस्कीच्या प्रमोशनसाठी टेबलाटेबलावर पत्ते पिसतो, हे तिला सांगणार कसं? म्हणून सोडा. गंमत म्हणजे ही आयडिया माझी नव्हेच. ती खुद्द कंपन्यांची!

जरा कायद्याचा क्लास घेतो, कंटाळू नका. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू प्यायला बोलावणारी जाहिरात त्यात चालत नाही. पिणाऱ्यालासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो आणि वयाची अटही आहे. बिअरला 21 पूर्ण, बाकी कडक मालाला 25. सन 2000 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दारूच्या थेट आणि आडून येणाऱ्या, दोन्ही जाहिराती टीव्हीवर बंद झाल्या. मग काय झालं, ते तुम्हा-आम्हा सगळ्यांनी पाहिलंय. अचानक सोडा, मिनरल वॉटर, म्युझिक सीडी आणि खेळायचे पत्ते यांच्या भारी भारी जाहिराती सुरू झाल्या. नाव तेच, लोगो तोच, रंग तोच. फक्त बाटली गायब! जून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडवाटेच्या जाहिरातींवर नियम आणले. पण नुसतं नाव एकसारखं असलं म्हणून प्रत्येक वस्तूची जाहिरात गुन्हा होत नाही, अशी फटही त्यात आहे.

आमच्या धंद्यात याला 'मिसडायरेक्शन' म्हणतात. डावा हात उंच करायचा, सगळे तिकडे बघतात, काम उजवा करतो.

आता कळलं, ब्रँडला जादूगार का लागतो? माझ्या हातातली पत्त्यांची कॅट पाहा. पाठीमागे ब्रँडचं नाव सोनेरी अक्षरात. मी तुम्हाला दारू घ्या असं कधी म्हणतच नाही. मी म्हणतो, "सर, एक पत्ता काढा." सर पत्ता काढतात, सही करतात, पत्ता हरवतो आणि थोड्या वेळाने त्यांच्याच ग्लासच्या खाली सापडतो. पाच मिनिटांत त्यांनी ते नाव पन्नास वेळा पाहिलेलं असतं. कायद्याच्या नजरेत मी काय केलं? पत्त्यांची जादू! बॉस, मी स्वतःच एक चालताबोलता सोडा आहे.

तसं दारू आणि जादूचं नातं जुनं. पॅरिसमध्ये 1840 च्या दशकात रॉबेर-हुदँ नावाचा जादूगार एकाच बाटलीतून लोक मागतील ती दारू ओतून द्यायचा. पुढे लंडनच्या डेव्हिड डेव्हंटने तीच ट्रिक किटलीतून करून दाखवली. किटलीतून दारू! पाहा, सोड्याची आयडियासुद्धा तशी नवी नाही. आपल्याकडे मात्र जादूगार म्हणजे रंगमंच, पडदा, पेटी आणि शाळेचं मैदान. पुण्याच्या रघुवीरांनी हे नाव घराघरांत पोचवलं. मग मुलगा विजय, नातू जितेंद्र, अशा तीन पिढ्या झाल्या. मीही लहानपणी अशाच एका शाळेतल्या प्रयोगात सतरंजीवर पुढे बसून तोंड उघडं टाकून पाहिलं होतं. ते तोंड अजून मिटलेलं नाही.

पण पबमधली जादू वेगळी. पडदा नाही, स्टेज नाही. लोक तीन बाजूंनी बसलेले, एखादा मागे उभा. म्युझिक इतकं मोठं की तुमचे डायलॉग तुम्हालाच ऐकू येत नाहीत, म्हणून डोळ्यांनी कळणाऱ्या ट्रिकच चालतात. टेबल ओलं असतं, कागदी पत्ते दहा मिनिटांत फुगतात, म्हणून प्लॅस्टिक कोटिंगवाले ठेवायचे. नोट लिंबातून काढायची ट्रिक हिट, कारण लिंबू बारमध्येच मिळतं. अंगठी कुणाची मागायची नाही, हरवली तर रात्रीचं मानधन गेलं. स्टार्टर यायच्या आधी टेबल गाठायचं, जेवण आल्यावर नाही. एका टेबलाला तीन ट्रिक, पाच मिनिटं, बाय-बाय. आणि पहिला पेग झालेला माणूस सर्वोत्तम प्रेक्षक, चौथा पेग झालेला सर्वात वाईट. पहिला म्हणतो, "अरे वा!" चौथा म्हणतो, "खिसा दाखव बे!" आणि मनगट धरतो.

मी स्वतः कामावर एक थेंब घेत नाही. पाप-पुण्याचा सवाल नाही, बोटांचा आहे. चार मिलिमीटर चुकलं की जादू संपली आणि उरला फक्त काळा शर्ट घातलेला एक माणूस.

पैसे? ऐकायला बरे वाटतात. पण इव्हेंटवाले आज प्रोग्राम करून घेतात आणि चेक कधी येईल हे विचारलं की त्यांचाच फोन गायब होतो. माझ्यापेक्षा भारी जादूगार! म्हणूनच टेस्टरची नोकरी सोडलेली नाही. हप्ता जादूने फिटत नाही.

तर, एका शनिवारची गोष्ट.

त्या रात्री ब्रँडची एक स्कीम होती. कॅटमधल्या जोकरवर 'एकावर एक फ्री' छापलेलं. ज्याच्या हाती जोकर, त्याला दुसरा पेग फुकट. आता तुम्हाला वाटत असेल की जोकर नशिबाने निघतो. नाही हो! आमच्याकडे 'फोर्स' नावाचा प्रकार असतो. पत्ता तुम्ही निवडता असं तुम्हाला वाटतं, निवडलेला मी असतो. मला सांगितलं होतं, जिथे मोठा ग्रुप, जिथे आवाज जास्त, तिथे जोकर काढायचा. एकाला फुकट मिळाला की बाकीचे चार विकत मागवतात. साधं गणित.

कोपऱ्यातल्या टेबलावर पाच पोट्टे. हसणं जोरात, म्हणजे माझं गिऱ्हाईक. मी गेलो, कॅट उघडली, "कोण काढणार पत्ता?" म्हटलं आणि एका मुलाने हात पुढे केला. मी वर पाहिलं आणि माझाच हात थांबला. आमच्याच बिल्डिंगमधला! यंदाच बारावी झालाय. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये मी याला नाण्याची ट्रिक शिकवली होती. समोर ग्लास. आत काय होतं ते विचारायची गरज नव्हती.

त्यानेही मला ओळखलं. दोघांचेही चेहरे एकदम पांढरे. पत्ते पंख्यासारखे उघडलेले, जोकर माझ्या बोटाखाली तयार. बाकीचे चौघे ओरडताहेत, "निकाल बे, निकाल!"

मी चौकट सत्ती फोर्स केली.

पत्ता हरवला, त्याच्या मोबाइलखाली सापडला, टाळ्या झाल्या. मी मॅनेजरच्या कानात सांगितलं की कोपऱ्यातल्या टेबलाचं वय तपासा. तो म्हणाला, "दरवाज्यावर बघतात." दरवाज्यावरचा म्हणाला असता, टेबलावर बघतात. शेवटी कोणी पाहिलं, मला माहीत नाही, कारण मी पुढच्या टेबलाला गेलो होतो. हिरोगिरी वगैरे काही केली नाही मी. फक्त एक जोकर काढला नाही. रात्री इव्हेंटच्या सुपरवायझरने विचारलं, "कोपऱ्यात जोकर का नाही दिला? मस्त ग्रुप होता." मी म्हटलं, "निघाला नाही. नशीब."

त्या वाक्याचीच मला रात्रभर चीड येत राहिली. स्टेजवरचा जादूगार आधीच सांगून टाकतो, मी तुम्हाला फसवणार आहे. लोक तिकीट काढून फसतात, हसत घरी जातात. म्हणून तो प्रामाणिक. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते बाबांचे चमत्कार करून दाखवतात, मग ट्रिकही सांगतात. तेही प्रामाणिक. माझ्या टेबलावर मात्र दोन ट्रिक चालू असतात. एक मी दाखवतो. दुसरी दाखवत नाही. दुसऱ्या ट्रिकमध्ये गायब होणारी वस्तू म्हणजे समोरच्याने "आज एकच" म्हणून केलेला निश्चय.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो मुलगा भेटला. चौथा मजला येईपर्यंत दोघं गप्प. मग हळूच म्हणाला, "दादा, घरी सांगू नका ना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तूही नको सांगू."

म्हणजे बघा! तिशीतला कमावता माणूस बारावी झालेल्या पोराबरोबर एकाच बोटीत. त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगायचा माझा हक्कच उरला नव्हता. कुठल्या तोंडाने सांगणार? सोड्याच्या?

घरात शिरलो तर हॉलमध्ये वेगळाच सीन. आई आणि बिल्डिंगमधल्या तीन काकू, मधे चहाचे कप, आणि बदाम सात रंगात आलेलं. आईने हातातले पत्ते छातीशी धरलेले. पाठीवर सोनेरी अक्षरात व्हिस्कीचं नाव! माझ्या बॅगेतली कॅट तिने घेतली होती. दारूबंदीच्या जिल्ह्यातली माझी आई दुपारभर त्या ब्रँडची जाहिरात हातात धरून बसली होती. एवढं पक्कं प्रमोशन मी कुठल्याही पबमध्ये केलं नव्हतं.

काकू गेल्यावर मी बसलो आणि सांगितलं. सगळं. पब, पत्ते, जोकर. मुलाचं नाव तेवढं नाही सांगितलं. त्याचं त्याने सांगावं. यापुढे फुकट पेगच्या स्कीमचं काम घेणार नाही, हेही सांगितलं. बाकीचं घेणार. त्यालाही तिची हो लागेल असं मी धरून चाललो होतो.

आई पत्ते गोळा करत होती. वर न पाहता म्हणाली, "मले माहीत होतं."

"कसं?"

"सोड्याच्या कंपनीले रात्री अकरा वाजता जादू कायले पाहिजे, बापा?"

मग कॅट माझ्यापुढे ठेवली. "हो म्हणू का नाही, ते मी अजून ठरवलं नाही. आता कुठी जाशील ते खरं सांगून जाय. पोळी गरम ठेवीन."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी डावा हात वर करतोय आणि ती तिकडेच बघतेय. ती पहिल्या दिवसापासून उजव्या हाताकडे बघत होती. फक्त टाळी वाजवत नव्हती.